फ्लॉरेन्सच्या हिवाळ्यात कोल्हापूरची छत्री

ग्वाल्हेरच्या बिर्लानगरात डिसेंबर येतो तो धुके घेऊनच. सकाळी समोरच्या रांगेतली घरे दिसत नाहीत. स्थानकात शिरणारी आगगाडी आधी ऐकू येते आणि मग दिसते. १९२१ साली सुरू झालेल्या जियाजीराव कॉटन मिल्सच्या आधाराने ही वस्ती वाढली. नव्वदच्या दशकात गिरणीचा भोंगा कायमचा थांबला आणि तिच्या आवारात वाढलेली मुले पोटापाण्यासाठी देशभर पांगली. त्यांतल्या आम्ही चौघा मित्रांनी साठीच्या उंबरठ्यावर नाताळच्या सुटीत एकत्र प्रवास करण्याचे ठरवले. शहर निवडले फ्लॉरेन्स.

ही निवड आमच्यातल्या गोवेकर झालेल्या मित्राची. जुने गोवे येथील बॉम जिझस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव ज्या संगमरवरी चौथऱ्यावर विसावले आहे, तो फ्लॉरेन्समध्ये घडला. तुस्कानीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याने तो भेट दिला, शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तो घडवला आणि १६९८ साली तो गोव्यात उभा राहिला. "फ्लॉरेन्सने आपल्याकडे एक समाधी पाठवली, आपली एक छत्री तिकडे आहे. ती पाहून येऊ," असे तो म्हणाला.

बेत ठरला, पण एका प्रश्नावर अडला. आमच्यापैकी एकाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे. त्याच्या पत्नीने मला फोन करून सरळ विचारले, "भावजी, यांना तिकडे थंडीत काही झालं, तर कोण, कुठे, काय करणार?" मित्रमंडळींच्या सहलीत हा प्रश्न सहसा हसण्यावारी नेला जातो. तसे करू नये. ज्या छत्रीसाठी आम्ही निघालो होतो, ती याच प्रश्नातून उभी राहिलेली आहे.

कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. समुद्र ओलांडणे धर्मबाह्य मानले जाण्याचा तो काळ. इंग्लंडला जाणाऱ्या पहिल्या हिंदू संस्थानिकांत त्यांची गणना होते. तेथे व्हिक्टोरिया राणीची भेट झाली, संस्था आणि कारखाने पाहून झाले. परतीच्या वाटेवर, हिवाळ्याच्या तोंडावर, त्यांची प्रकृती ढासळली. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. या प्रवासात ते रोजनिशी लिहीत असत. सोबतचे इंग्रज अधिकारी कॅप्टन वेस्ट यांनी ती पुढे १८७२ साली प्रसिद्ध केली.

सोबतच्या कोल्हापूरकरांपुढे त्या दिवशी जो पेच उभा राहिला, तो आज समजून घेण्याजोगा आहे. हिंदू धर्मरीतीप्रमाणे दहन विनाविलंब व्हायला हवे, शक्य तर नद्यांच्या संगमावर. इटलीत मात्र दहनाची प्रथाच नव्हती. आधुनिक दाहगृहातील तेथील पहिले दहन मिलान शहरात झाले ते १८७६ साली, म्हणजे यानंतर सहा वर्षांनी. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीच्या राज्याची राजधानी होते. अधिकाऱ्यांशी बोलणी होऊन खास परवानगी मिळाली आणि शहराच्या पश्चिमेस कास्चिने उद्यानाच्या टोकाला, जेथे मुन्योने हा ओढा आर्नो नदीला मिळतो, तेथे रात्रीच्या अंधारात चिता रचली गेली. पंचगंगेच्या काठच्या माणसांनी परक्या मुलुखात आपला संगम शोधून काढला. हा अपरिचित विधी पाहण्यास फ्लॉरेन्सचे नागरिक जमले होते.

१८७४ साली त्याच जागी छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा ही त्यांचीच कामे. आतला रंगीत अर्धपुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या इंग्रज शिल्पकाराने घडवला. चौथऱ्यावर इंग्रजी व इटालियनसह चार भाषांत लेख कोरलेले आहेत. शंभर वर्षांनी, १९७८ च्या सुमारास, तेथून आर्नोवर पूल झाला. त्याचे नाव ‘पोन्ते आल्लिंदियानो’ पडले, म्हणजे भारतीयाजवळचा पूल.

ग्वाल्हेरच्या माणसाला छत्री नवी नसते. लष्करातल्या शिंद्यांच्या छत्र्यांजवळून तो रोज जातो. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदेही युरोपातच, ५ जून १९२५ रोजी पॅरिसमध्ये निवर्तले. पण त्यांची छत्री शिवपुरीत, त्यांच्या मातोश्रींच्या छत्रीसमोर आहे. कोल्हापूरच्या तरुण राजाची मात्र जेथे देह पडला त्या शहरातच राहिली. दोन राजे, दोन परदेशी शहरे आणि स्मृतीची दोन वेगळी ठिकाणे.

आता वहिनींच्या प्रश्नाकडे. १८७० साली ज्याची तरतूद ऐनवेळी करावी लागली, ती आज निघण्यापूर्वीच कागदावर मागितली जाते. इटलीसाठी भारतीय पारपत्रधारकाला शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा अनिवार्य आहे आणि तातडीचे उपचार, रुग्णालयातील खर्च, वैद्यकीय कारणास्तव मायदेशी आणणे व मृत्यू यांचा त्यात स्पष्ट समावेश असावा लागतो. आपण हा विमा व्हिसासाठी जोडायचा एक कागद समजून सर्वांत स्वस्त निवडतो. खरे तर अर्जातला सर्वांत गंभीर कागद तोच.

तो वाचताना एका कलमावर थांबावे: आधीपासून असलेल्या आजारांचे काय? अनेक पॉलिसींत अशा आजारांचा खर्च वगळलेला असतो किंवा केवळ जिवावरच्या प्रसंगापुरता मान्य असतो. आमच्या मित्राने स्टेंटची माहिती न लपवता दिली, हप्ता थोडा वाढला, पण ती जोखीम पॉलिसीत लेखी आली. आजार लपवून घेतलेला विमा नेमका गरजेच्या वेळी नाकारला जाऊ शकतो.

व्हिसाच्या बाकीच्या अटी सोप्या आहेत, पण वेळ मागतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो; नाताळच्या दिवसांत भेटीची वेळ मिळणे कठीण जाते, म्हणून सप्टेंबरातच हालचाल करावी. प्रौढांसाठी शुल्क २०२४ पासून ९० युरो आहे. परतीच्या तारखेनंतर आणखी तीन महिने पारपत्राची मुदत असावी, ते दहा वर्षांच्या आत दिलेले असावे आणि त्यात दोन पाने कोरी असावीत. मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक करता येत नाही. गोव्यातील ज्या कुटुंबांत पोर्तुगीज नागरिकत्व आलेले आहे, त्यांना हा व्हिसा लागत नाही. पण चौघांच्या गटात एकाला सूट आणि तिघांना अर्ज अशी स्थिती असेल, तर तिकिटे तिघांच्या व्हिसानंतरच काढणे शहाणपणाचे. विम्याची गरज मात्र त्या चौथ्यालाही तेवढीच असते.

थंडीबाबत एक गैरसमज दूर केला पाहिजे. जानेवारीत फ्लॉरेन्सचे किमान तापमान साधारण दोन अंश आणि कमाल दहा-अकरा अंश असते. ग्वाल्हेरच्या कडाक्यात वाढलेल्याला रात्रीचा हा आकडा फारसा अनोळखी नाही. गोवेकराला तो बोचेल. फरक आहे तो दुपारचा आणि उजेडाचा. ग्वाल्हेरला दुपारी ऊन अंग शेकते, तेथे नदीकाठचा दमटपणा दिवसभर हाडांत राहतो. वर्षातला सर्वांत लहान दिवस गोव्यात अकरा तासांहून अधिक, ग्वाल्हेरला सुमारे साडेदहा तास, तर फ्लॉरेन्सला जेमतेम नऊ तासांचा असतो. पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो. म्हणून बाहेरची स्थळे सकाळी आणि संग्रहालये संध्याकाळी असा क्रम ठेवावा.

थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण पडतो. हृदयविकाराच्या माणसाने थंड हवेत एकदम भरभर चालणे किंवा चढणे टाळावे. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात उभारलेल्या घुमटावर जाण्यास ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. आम्ही तिघे चढलो. चौथा खाली चौकात कॉफी घेत बसला आणि त्याला एकट्याला सोडायचे नाही म्हणून आम्ही पाळीपाळीने चढलो. मित्रांच्या सहलीतला ताळमेळ म्हणजे एवढेच: वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा. औषधे मुख्य सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत आणि डॉक्टरांकडून औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेली चिठ्ठी घ्यावी, कारण आपल्याकडची व्यापारी नावे तेथील औषधालयात ओळखली जात नाहीत. संपूर्ण युरोपीय संघात तातडीचा क्रमांक ११२ आहे. रोम येथील भारतीय दूतावास व मिलान येथील वाणिज्य दूतावास यांचे क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर असावेत. ज्याचा फोन बंद पडतो, मदत बहुधा त्यालाच हवी असते.

हिवाळ्याचे लाभही सांगितले पाहिजेत. उन्हाळ्यातल्या रांगा ओसरलेल्या असतात. उफिझी संग्रहालय सोमवारी आणि २५ डिसेंबरला बंद असते, हे ध्यानात ठेवून बेत आखावा. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो. १५०१ ते १५०४ या काळात घडलेला मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ अकादेमियात निवांत पाहता येतो. २६ डिसेंबर, १ जानेवारी आणि ६ जानेवारी हे तेथे सुटीचे दिवस आहेत. सहा तारखेला तीन राजांची मिरवणूक निघते. गोव्यात रेईश मागूशचे तीन राजांचे फेस्त पाहिलेल्याला ती घरची वाटावी.

छत्रीकडे आम्ही शेवटच्या दिवशी गेलो. कास्चिनेच्या पूर्व टोकापर्यंत ट्राम जाते. पुढे पर्णहीन झाडांखालून नदीच्या कडेने पाऊण तास चालावे लागते. आम्हाला तास लागला. वाटेत माणसे तुरळक होती. घुमटीखाली तो वीस वर्षांचा राजा आर्नोकडे पाहत बसलेला आहे आणि मागच्या पुलावरून मोटारी जात असतात. चौघांनीही टोप्या काढल्या. थोड्या वेळाने आमच्या मित्राने घरी व्हिडिओ फोन लावला आणि फोन छत्रीकडे वळवला. वहिनींनी ती नीट पाहिली, नमस्कार केला आणि मग विचारले, "दुपारची गोळी घेतली का?"

घेतली नव्हती. खिशातल्या डबीतून त्याने ती तेथेच घेतली आणि ऊन कलण्याआधी आम्ही परत फिरलो.