पहारा आणि खिडकी

चोर आत येऊ नये म्हणून शिपाई पहाऱ्याला उभा राहतो. पण कधी कधी चोर त्याच्याच श्वासात शिरून घरी येतो! १९१८ च्या मे अखेरीस सैनिकांना घेऊन एक जहाज मुंबईला लागले. १० जूनला सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. हिंदुस्थानात कोट्यवधी घरे रडविणाऱ्या इन्फ्लुएंझाची ती पहिली चाहूल.

१०२ वर्षांनी आमच्या हिंगोलीत तसेच घडले. मुंबई-मालेगावचा बंदोबस्त करून परतलेल्या राज्य राखीव पोलीस दलाच्या काही जवानांना एप्रिल २०२० मध्ये कोरोनाची लागण झाल्याचे आढळले. वार्ता कळताच आम्ही शहाण्यांनी घराच्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या!

पुढे संशोधनाने हे शहाणपण उघडे पाडले. खोकल्याचे मोठे थेंब लवकर खाली पडतात, म्हणून सारा भर हात धुण्यावर आणि अंतर राखण्यावर होता. परंतु नुसत्या बोलण्यातूनही सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि कोंदट खोलीत ते बराच वेळ तरंगतात, याकडे जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेचे लक्ष वेधले. शिवाय लक्षणे दिसण्याआधीच माणूस रोग देऊ लागतो. मग त्या जवानांकडे आम्ही गुन्हेगारासारखे पाहिले, ते कशाच्या जोरावर?

आता दिवाळीला पाहुण्यांनी बैठक भरली, की फराळाच्या ताटाआधी मी खिडकी उघडतो. तेवढेच प्रायश्चित्त!