प्रकाशापेक्षा वेगवान जहाज, पण फोन नाही: ‘ट्रॅव्हलर’चं जग कसं चालतं

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या एपिसोडचा हा लिखित भाग. बोलताना जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी मजकूर तोच आहे.

आजचा विषय एक खेळ. खरं तर खेळापेक्षा त्याचं जग. ‘ट्रॅव्हलर’ हा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम १९७७ साली अमेरिकेत गेम डिझायनर्स वर्कशॉप या कंपनीने काढला. मुख्य डिझायनर मार्क मिलर. एका डब्यात तीन छोट्या काळ्या पुस्तिका, बस्स. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ माहीत असेल तर पद्धत ओळखीची वाटेल. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, एक जण रेफरी होऊन जग चालवतो, आणि अडलं की फासे टाकायचे. फक्त इथे तलवारी-ड्रॅगनच्या जागी अंतराळजहाजं आहेत.

पहिल्या डब्यात नुसते नियम होते. जग नंतरच्या पुस्तकांतून वाढत गेलं. त्याचं नाव ‘थर्ड इम्पीरियम’, म्हणजे तिसरं साम्राज्य. काळ आपल्या हिशेबाने ५७वं शतक, आणि साम्राज्यात सुमारे ११,००० जगं. आता इतकं मोठं जग लक्षात कसं ठेवायचं? माझं म्हणणं, ठेवूच नका. एकच नियम लक्षात ठेवा, बाकीचं त्यातून आपोआप निघतं.

नियम असा. जहाजाला ‘जंप’ मारता येते. इंजिनाच्या ताकदीप्रमाणे एका जंपमध्ये १ ते ६ पार्सेक. एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. पण १ पार्सेक जा की ६, जंपला लागतो साधारण एक आठवडाच. आणि खरी मेख पुढे आहे: जहाजाशिवाय दुसरं काहीही प्रकाशापेक्षा जोरात जात नाही. फोन नाही, इंटरनेट नाही, रेडिओ तर नाहीच. शेजारच्या ताऱ्याला निरोप द्यायचाय? कोणीतरी तो जहाजात घालून न्यायला हवा.

म्हणजे साडेतीन हजारांहून जास्त वर्षांनी मानव पुन्हा सांडणीस्वारांच्या काळात!

साम्राज्याची डाक खरंच तशी चालते. ‘एक्स-बोट’ नावाच्या छोट्या जहाजांना फक्त जंपचं इंजिन असतं, इकडे-तिकडे फिरायचं इंजिनच नसतं. बोट पोचली की टपाल रेडिओने स्टेशनला देते, स्टेशन ते तयार उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीला देतं, आणि ती लगेच निघते. डाकचौकीवर घोडा बदलावा तसं. एक्स-बोटची झेप ४ पार्सेक. खेळाच्या नकाशातला एक ‘सेक्टर’ ३२ पार्सेक रुंद आणि ४० पार्सेक उंच असतो. करा हिशेब: एक सेक्टर नुसता आडवा ओलांडायला किमान ८ आठवडे, उत्तर यायला आणखी ८. आणि ‘स्पिनवर्ड मार्चेस’ हा लोकप्रिय सीमाभाग राजधानीपासून कित्येक सेक्टर लांब आहे. तिथे शत्रू आला तर राजधानीला कळेपर्यंत लढाईचा निकालही लागलेला असेल.

आता कळतं की भविष्यातल्या या जगात ड्यूक, काउंट, बॅरन का आहेत. मला आधी वाटायचं, ही नुसती हौस. नाही. सम्राटाला विचारायला वेळच नाही, म्हणून तिथल्या तिथे सम्राटाच्या नावाने निर्णय घेणारा माणूस लागतो. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हरला विचारून येईपर्यंत रिक्वेस्ट टाइमआउट होते, म्हणून प्रत्येक ठिकाणी अधिकार देऊन ठेवायचे. साम्राज्य जगांच्या अंतर्गत कारभारात सहसा पडतही नाही. ते राज्य करतं ताऱ्यांच्या मधल्या जागेवर. स्टारपोर्टच्या कुंपणाच्या आत साम्राज्याचा कायदा, कुंपणाबाहेर त्या जगाचा.

हे फक्त कल्पनेत घडतं असं नाही बरं का. ब्रिटन आणि अमेरिकेचा तह २४ डिसेंबर १८१४ रोजी बेल्जियममधल्या गेंटला झाला. बातमी जहाजाने समुद्र ओलांडत होती, आणि ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्सला दोन्ही सैन्यं लढली. माणसं मेली, तह झाल्यावर.

खेळातही असा प्रसंग आहे. १९८७ च्या ‘मेगाट्रॅव्हलर’ आवृत्तीत सम्राट स्ट्रेफॉनची हत्या होते. बातमी पसरते ती जहाजाच्या वेगाने. गादीवर हक्क सांगणारे एकाहून जास्त, आणि मेलेला सम्राट खरा नव्हताच, खरा मीच, असं म्हणणाराही एक निघतो. साम्राज्य फुटतं. फॅक्ट-चेक करायचा तर महिने लागतात ना!

आता पैशाची गोष्ट, कारण बहुतेक खेळाडू हिरो नसतात, कर्जदार असतात. साधं व्यापारी जहाज, ‘फ्री ट्रेडर’, जुन्या नियमांनुसार सुमारे ३.७ कोटी क्रेडिटचं. वीस टक्के आधी भरा, मग दरमहा किमतीचा २४०वा भाग, असे ४८० हप्ते. म्हणजे ४० वर्षांचा ईएमआय, महिन्याला दीड लाखाच्या वर. हप्ता चुकवून पळताही येतं, कारण वसुलीवालेही जहाजानेच येणार. फक्त मग आयुष्यभर मागे बघत राहायचं.

हे सगळं एकत्र आलं की काय होतं, ते मला आमच्याच टेबलावर कळलं. मी रेफरी होतो. हवा नसलेल्या एका जगावर खाणकामगारांची ४१ जणांची वस्ती, हवेचं यंत्र बंद पडलेलं, साठा १२ दिवसांचा. मदत १ पार्सेकवर. जायला एक आठवडा, यायला एक आठवडा, म्हणजे १४ दिवस. जमतच नाही. एका मैत्रिणीचं पात्र कॅप्टन होतं. तिने विचारलं, “परवानगी कोणाला विचारायची?” मी म्हटलं, “कोणालाच नाही.”

मग तिने कागद घेतला. जहाजात शीतनिद्रेच्या पेट्या २०, मोकळ्या खोल्या ६. खोलीत दोघं धरले तर एकूण ३२ जण मावतात. मागे राहतील ९. पण ४१ जणांची १२ दिवसांची हवा ९ जणांना ५० दिवसांहून जास्त पुरते! म्हणजे नऊ जण थांबले तरच सगळ्यांना संधी. नऊ हात वर झाले.

मात्र शीतनिद्रा फुकट नाही. जुन्या नियमात उठताना दोन फासे टाकायचे. ५ किंवा जास्त आलं तर माणूस जगतो. म्हणजे सहात एक मरतो. चांगला डॉक्टर असला की थोडी सवलत, आमचा नवशिका होता. पेट्यांसाठी चिठ्ठ्या काढल्या. पोचल्यावर तिने वीस वेळा फासे टाकले, एकेक करून, कोणी काही बोललं नाही. चौघं गेले.

तीन आठवड्यांच्या आत मदत वस्तीवर पोचली. नऊही जण जिवंत होते. दार उघडल्यावर त्यांनी पहिलं विचारलं ते जहाजातून गेलेल्यांबद्दल. त्यांना तोवर काहीच कळलेलं नव्हतं. मालाचं भाडं बुडालं होतं, त्या महिन्याचा हप्ताही. त्याबद्दल आमच्यापैकी कोणी तक्रार केली नाही.

आपण एक ब्लू टिक उशिरा आली तरी अस्वस्थ होतो. या जगात निरोप पाठवणारा माणूस उत्तर येईल म्हणून थांबू शकत नाही. त्याला तेव्हाच ठरवावं लागतं, आणि बरोबर होतं की चूक ते नंतर कळतं. म्हणून मला हे जग आवडतं.

खेळून बघायचं असेल तर नकाशापासून सुरुवात करू नका. एक जुनं जहाज, एक कर्ज आणि एक आठवडा उशिरा आलेली बातमी एवढं पुरतं. भेटू पुढच्या एपिसोडला!