धडधडीची पट्टी कुठे आहे?

लालबागच्या जुन्या चाळीचा तिसरा मजला हातात पिशव्या घेऊन चढला आणि नाडी १३० वर गेली, तर त्यात हृदयाचं काही बिघडलेलं नाही. ठोके पायरीपायरीने वाढतात, खाटेवर टेकल्यावर हळूहळू उतरतात. पण त्याच घरात भाजी निवडत बसलेल्या बाईचे ठोके ८० वरून एकदम १८० वर जातात, वीस मिनिटं तसेच राहतात आणि जसे सुरू झाले तसेच एका क्षणात थांबतात, तेव्हा गोष्ट वेगळी असते. असं वारंवार होणाऱ्या माणसाला ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवण्याआधी धडधड चालू असतानाचा ईसीजी मिळवायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

कारण धडधडीचा झटका संपला की पुरावाही संपतो. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विजेचा संदेश जातो तो एव्ही नोड नावाच्या छोट्या गाठीतून. काही जणांच्या या गाठीत दोन वाटा असतात, एक जलद आणि एक संथ. एखादा ठोका वेळेआधी पडला की संदेश संथ वाटेने खाली उतरतो, जलद वाटेने वर परततो आणि बाहेरचा रस्ता चुकलेल्या टॅक्सीने दादरच्या खोदादाद सर्कलला फेऱ्या मारत राहाव्यात तसा तिथेच फिरतो. प्रत्येक फेरीला एक ठोका, म्हणजे मिनिटाला साधारण १५० ते २२०. हा डॉक्टर ज्याला एसव्हीटी म्हणतात, त्याचा एक प्रकार. मानेतल्या शिरा थडथड उडतात. झटका ओसरल्यावर भरपूर लघवीला होते, कारण वरच्या कप्प्यांवर ताण आला की लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. ही खूण रुग्ण संकोचाने सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांनीच विचारावी. दुसऱ्या दिवशीचा नॉर्मल ईसीजी एवढंच सांगतो, की त्या घटकेला झटका नव्हता.

यावर कुणी म्हणेल, बहुतेकांची धडधड खरोखर काळजीतूनच येते. पुष्कळांची येते, हे खरंच आहे. रक्त कमी असणं, थायरॉइड, ताप, जुलाब हीसुद्धा नेहमीची कारणं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना पंडुरोग आढळला, तेव्हा हिमोग्लोबिन आधी तपासावंच. पण या सगळ्यांत ठोके सहसा हळूहळू चढतात. शिवाय १९९७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास विसरता येत नाही. एसव्हीटी सिद्ध झालेल्या १०७ रुग्णांपैकी ६७ टक्के जण ‘पॅनिक’च्या निकषांत चपखल बसत होते आणि निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत निसटला होता. मनाचं दुखणं असा शिक्का बायकांवर पुरुषांच्या दुप्पट वेळा बसला. अचानक १८० ठोके पडू लागल्यावर माणूस घाबरणारच. ती भीती आजाराचा परिणाम असू शकते, हे ध्यानातच घेतलं जात नाही.

दुसरी शंका व्यवहाराची: वीस मिनिटांत ईसीजी काढणार कुठे? गिरगाव, दादर, परळ भागात ते जमण्यासारखं आहे. घराजवळच्या कुठल्या दवाखान्यात मशीन आहे हे आधीच विचारून ठेवावं. नाहीतर परळच्या केईएम रुग्णालयाची कॅज्युअल्टी गाठावी. महिन्यातून एकदा येणारा झटका २४ तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टर यंत्रात सापडेलच असं नाही. ईसीजीची पट्टी मिळाली की तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. ज्या केईएममध्ये फेब्रुवारी १९६८ मध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदयरोपण केलं, त्याच्या परिसरातली माणसं एका कागदी पट्टीवाचून वर्षानुवर्षं ‘घाबरट’ ठरावीत, याचं वाईट वाटतं.

एसव्हीटीने सहसा जीव जात नाही, मग एवढा खटाटोप कशाला? तर तो बहुतेकदा कायमचा बरा होतो म्हणून. मांडीच्या शिरेतून तार नेऊन ती जादा वाट जाळतात आणि दोन वाटांच्या प्रकारात हे ९० टक्क्यांहून अधिक वेळा साधतं. झटका थांबवण्याची साधी युक्तीही आहे: अर्धवट टेकून १५ सेकंद जोराने कुंथायचं, मग लगेच आडवं होऊन पाय वर उचलून धरायचे. २०१५ च्या इंग्लंडमधल्या चाचणीत याने ४३ टक्क्यांची लय पूर्ववत झाली, पाय न उचलता १७ टक्क्यांची. ही युक्ती डॉक्टरांसमोर शिकून घ्यावी. छातीत कळ, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर मात्र तडक रुग्णालय. आणि साठीपुढच्या माणसाची नाडी जलद असून वेडीवाकडी लागत असेल, तर ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. त्यात वरच्या कप्प्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो आणि अनेकांना रक्त पातळ करणारं औषध लागतं. ते द्यायचं की नाही, हे ठरवण्याआधीही डॉक्टर पट्टीच मागतात.