घाटात इंजिन ओरडतंय, पण गाडी चढत नाही? क्लचचा बिघाड असा ओळखा

नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाट लागतो. तोरणमाळला जायचं तर सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंची गाठावी लागते. सपाट रस्त्यावर ठणठणीत वाटणाऱ्या जुन्या गाडीचा क्लच अशाच चढावर उघडा पडतो.

गाडी जुनी स्पोर्ट्स कार असेल, तर प्रश्न आणखी अवघड होतो. गोव्यात तयार झालेली दोन आसनी सॅन स्टॉर्म असो किंवा २००१ मध्ये आलेली फियाट पालिओ १.६, या गाड्यांचं उत्पादन कधीच थांबलंय. सुटे भाग शोधत फिरावं लागतं. शिवाय क्लच प्लेट बदलायची म्हणजे सहसा गिअर बॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणूनच खर्च करण्याआधी बिघाड ओळखायला हवा.

क्लच काय करतो?

इंजिनाला जोडलेलं फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबलेली असते. त्यामुळे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत जाते. पेडल दाबलं की ही पकड सुटते. म्हणजे बिघाड मुख्यतः दोन प्रकारचे: पकड नीट बसत नाही किंवा नीट सुटत नाही.

पकड बसत नसेल तर?

मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० किलोमीटर वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनाचा आवाज आणि आरपीएम एकदम वाढले, पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतोय. जळका वास हीदेखील त्याचीच खूण. प्लेट झिजली असेल किंवा तिच्यावर ऑइल गळत असेल. पण क्लच वायर जास्त ताणलेली असली, तरी हेच होतं.

पकड सुटत नसेल तर?

गाडी उभी करून इंजिन सुरू ठेवा. क्लच पूर्ण दाबा, काही सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. गिअर करकरला किंवा क्लच दाबलेला असतानाही गाडी सरकू लागली, तर पकड सुटत नाहीये. वायर सैल झाली का ते बघा. हायड्रॉलिक क्लच असेल तर पेडल दोन-तीनदा मारून पुन्हा प्रयत्न करा. आता गिअर सहज पडला, तर बहुधा ऑइल गळतंय किंवा लाइनमध्ये हवा शिरली आहे. अशा वेळी सहसा गिअर बॉक्सला हात लावण्याची गरज नसते.

आवाज कधी येतो?

पेडल दाबल्यावर घरघर सुरू झाली, तर संशय क्लच बेअरिंगवर. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज पेडल दाबल्यावर बंद झाला, तर गिअर बॉक्सचं बेअरिंग तपासा.

घाटात काय काळजी घ्याल?

चढावर गाडी हाफ क्लचवर रोखून धरू नका, हँडब्रेक वापरा. जळका वास आला तर सुरक्षित जागी थांबून क्लच थंड होऊ द्या. आणि क्लच घसरत असताना ‘आता फक्त उतारच आहे’ म्हणून निघू नका. क्लचची पकड नसेल तर उतारावर इंजिन गाडीला रोखू शकत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो आणि सततच्या वळणांवर ब्रेक तापून निकामी होऊ शकतात.