घंटी कोण वाजवतो?

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले की आमच्या यवतमाळात चहाच्या टपरीवर गप्पांना ऊत येतो. तिथेच एका कास्तकाराने मला विचारले, "गुर्जी, आमचा आमदार कापसावर बोलाले उभा रायला अन् दोन मिंटात घंटी वाजली. हे कोन ठरवते जी?"

प्रश्न रास्त होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद 208 नुसार विधानसभा आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करते. कोणत्या विषयाला किती वेळ, हे कामकाज सल्लागार समिती सुचवते. पक्षांना साधारणपणे संख्याबळाप्रमाणे वेळ मिळतो आणि तो संपला की अध्यक्ष घंटी वाजवतात. अर्थसंकल्पातील मागण्यांसाठीही दिवस ठरलेले असतात. मुदत संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना मताला टाकतात. यालाच 'गिलोटिन' म्हणतात.

हा लगाम आला कुठून? 1881 साली ब्रिटनच्या कॉमन्स सभेत आयर्लंडच्या सदस्यांनी बैठक सलग 41 तास लांबवली. शेवटी अध्यक्षांनी स्वतःच्या अधिकारात चर्चा थांबवली. पुढच्याच वर्षी चर्चाबंदीचा नियम झाला.

पण नियम केवळ तोंड बंद करत नाहीत, वाटही देतात. प्रश्नाच्या उत्तराने समाधान झाले नाही, तर अर्धा तास चर्चा मागता येते. तातडीच्या विषयावर लक्षवेधी सूचना देता येते. गरज पडल्यास बैठकीची वेळही वाढवता येते.

या शिस्तीची आणि संतापाची टक्कर आमच्या जिल्ह्याने जवळून पाहिली आहे. 1964 साली पुसदचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. यवतमाळचे आमदार जांबुवंतराव धोटे यांनी सभागृहात अध्यक्षांच्या दिशेने पेपरवेट भिरकावला आणि त्यांचे सदस्यत्व गेले. पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांनाच पुन्हा निवडून दिले. सभागृहाने शिस्त राखली, मतदारांनी आपला आवाज राखला. दोन्हींना आपापल्या जागी अर्थ होता.

288 आमदारांत आमच्या जिल्ह्याचे सात. ज्या जिल्ह्यात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले, तिथे ही दोन मिनिटे फार मोलाची. म्हणून मी त्या कास्तकाराला म्हटले, "घंटीवर रागावू नका. आमदार भेटले की विचारा, अर्धा तास चर्चेची सूचना दिली होती का?"

तो हसला. म्हणाला, "आता इचारतोच."

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)