घड्याळातले ठोके आणि हृदयाचं काम

आता बऱ्याच जणांच्या मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ असतं. भरभर चालून आलं की ते १२० दाखवतं, आणि जिममध्ये जड वजन उचललं तरी १२०च दाखवू शकतं. मग हृदयाला काम सारखंच पडलं का? नाही. ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी तर हा फरक समजून घ्यायलाच हवा.

आधी चालण्या-धावण्याचं बघू. मज्जातंतूंचा लगाम नसेल तर हृदय स्वतःच्या लयीत मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. शांत बसल्यावर ते ७०-७५वर येतात, कारण व्हेगस नावाचा मज्जातंतू ब्रेक दाबून असतो. चालायला लागताच हा ब्रेक सैल होतो, म्हणून पहिल्या काही सेकंदांतच ठोके वाढतात. त्यापुढचा वेग अ‍ॅड्रिनलिनसारखी रसायनं देतात. शिवाय पोटऱ्या आवळत-सैलावत शिरांमधलं रक्त वर ढकलत राहतात. हृदय चांगलं भरतं आणि दर ठोक्याला जास्त रक्त बाहेर टाकतं. एरवी मिनिटाला ५ लिटर रक्त फिरवणारं हृदय जोराच्या व्यायामात २० लिटरपर्यंत जातं. स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असल्यामुळे वरचा रक्तदाब वाढतो, खालचा फारसा हलत नाही.

जड वजन उचलताना चित्र पालटतं. घट्ट आवळलेला स्नायू स्वतःतल्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो, बागेतल्या पाइपवर पाय ठेवावा तसं. ठोके बेताने वाढतात, पण वरचा आणि खालचा, दोन्ही दाब चढतात. त्यात आपण दात-ओठ खाऊन श्वास रोखला की आणखी भर. १९८५ साली कॅनडातल्या संशोधकांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून दाब मोजला होता. दोन्ही पायांनी जड वजन ढकलताना सरासरी आकडा आला ३२०/२५०! काही क्षणांपुरताच, आणि ते तयारीचे गडी होते. भरलेला गॅस सिलिंडर श्वास कोंडून उचलतानाही हेच घडतं, प्रमाण कमी एवढंच. घड्याळाला यातलं काही कळत नाही.

म्हणून वजनं सोडा असं मी म्हणणार नाही, ती हाडांना आणि स्नायूंना हवीतच. दहा-पंधरा वेळा सहज उचलता येईल एवढं वजन घ्या आणि उचलताना श्वास सोडा. रक्तदाब आटोक्यात नसेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पोहण्याचा हिशेब पुन्हा वेगळा. शरीर आडवं असतं, पाण्याचा दाब रक्त छातीकडे ढकलतो, त्यामुळे धावण्यापेक्षा कमाल ठोके साधारण दहाने कमी राहतात. उन्हाळ्यात उलटं: इंदूर असो की हैदराबाद, मे महिन्यात त्याच रस्त्यावर त्याच वेगाने चाललात तरी घाम जाईल तसे ठोके चढत जातात. म्हणजे तुमची ताकद घटली असं नव्हे, पाणी कमी पडतंय.

राहिलं ‘२२० वजा वय’ हे प्रसिद्ध सूत्र. ते सरासरीचं आहे, एखाद्या माणसाच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतं. मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ते पूर्ण विसरा, कारण ती गोळी ठोके वाढूच देत नाही. तो आकडा गाठायला धावत सुटणं धोक्याचं. त्यापेक्षा बोलून बघा: वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, हा मध्यम व्यायाम.

घड्याळ माझ्या मते खरं उपयोगी पडतं ते थांबताना. जोराच्या व्यायामानंतर वेग कमी करून पहिल्या मिनिटात ठोके किती उतरले ते बघा. उतार नेहमीच बारा किंवा त्याहून कमी असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. एकदम उभे मात्र राहू नका. पोटऱ्यांचा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचतं आणि चक्कर येते. चार-पाच मिनिटं रमत-गमत चाला, मग बसा.