चिप पास करणारे पाव मिलिमीटरचे छिद्र

गुजरातमधल्या साणंदच्या चिप प्रकल्पांच्या बातम्यांत धूळमुक्त दालने आणि डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसे दिसतात. मला लिहायचे आहे ते तिथे लागणाऱ्या प्लॅस्टिकच्या एका चौकोनी तुकड्याबद्दल. पॅकिंग झालेली चिप बाजारात जाण्याआधी टेस्ट सॉकेटमध्ये बसवून तपासतात. हा सॉकेट बहुधा ‘पीक’ (PEEK) सारख्या कणखर प्लॅस्टिकचा असतो. त्यात कधी शेकडो छिद्रे असतात आणि प्रत्येकात स्प्रिंगची बारीक पिन. दोन छिद्रांच्या केंद्रांत ०.४ मिलिमीटर अंतर असेल, तर छिद्र जेमतेम पाव मिलिमीटरचे. त्याच्या कडेला प्लॅस्टिकचा एक धागा जरी राहिला, तरी पिन अडकते आणि चांगली चिप नापास ठरते.

प्लॅस्टिक मऊ, म्हणून भोक पाडायला सोपे, हा समज सीएनसी यंत्रावर पहिल्याच दिवशी मोडतो. ॲल्युमिनियममधून उष्णता जितकी सहज वाहते, तिच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपासच ती प्लॅस्टिकमधून वाहते. त्यामुळे सगळा ताप ड्रिलच्या टोकाशी कोंडतो. ॲक्रिलिक तर साधारण १०५ अंशांनाच मऊ पडते. कापून निघालेला कीस वितळून ड्रिलच्या खाचांत बसतो, ड्रिल आणखी घासते आणि तुटते. तुटले नाही, तरी दाबलेले प्लॅस्टिक ड्रिल बाहेर येताच मागे सरकते आणि भोक मापापेक्षा लहान भरते.

मग बिचकलेला ऑपरेटर फीड, म्हणजे ड्रिल आत सरकण्याचा वेग, उतरवतो. खरा घात इथेच होतो. फीड अति कमी झाला की धार कापत नाही, नुसती घासते. आरपीएमला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलला मिनिटाला १०० मीटर कापवेग द्यायचा, तर स्पिंडल मिनिटाला जवळपास ६४ हजार फेऱ्यांनी फिरवावा लागेल. दहा हजार फेऱ्यांवर तो वेग १६ मीटरही भरत नाही. तापवते ते घासणे आणि आत अडकलेला कीस. म्हणून धार नवी हवी, खाचा गुळगुळीत हव्यात. जी८३ ही टप्प्याटप्प्याने भोक पाडण्याची आज्ञा लावून थोडे खाली जायचे, पूर्ण बाहेर यायचे, हवेच्या झोताने कीस उडवायचा आणि तळाशी क्षणभरही थांबायचे नाही. जॉबखाली त्याच प्लॅस्टिकची पट्टी घट्ट धरली की आरपार जाताना बर, म्हणजे कडेचा तो धागा, येत नाही. ड्रिल धरणाऱ्या कोलेटमधला ०.०१ मिलिमीटरचा रनआऊट, म्हणजे फिरतानाची डगमग, मोठ्या ड्रिलला जाणवतही नाही. पाव मिलिमीटरच्या ड्रिलला तो व्यासाच्या चार टक्के होतो. आणि ॲक्रिलिक पुसायला अल्कोहोल घेऊ नये, आतला ताण तडे होऊन बाहेर पडतो.

हे ज्ञान यंत्र लावून देणाऱ्या सेटरच्या हातात असते. केंद्र सरकार चिप-चाचणी प्रकल्पांच्या भांडवली खर्चाचा निम्मा भार उचलते, ते योग्यच आहे. पण सॉकेट बाहेरून मागवत राहिलो, तर चाचणी आपली म्हणण्यात काय राहिले? पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या शॉपमध्ये यंत्रे आहेत, हातही आहेत. त्यांची घडण मात्र लोखंड आणि ॲल्युमिनियमवर झाली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थांनी प्लॅस्टिकच्या सूक्ष्म ड्रिलिंगचा वेगळा अभ्यासक्रम काढावा. त्यात तुटलेल्या ड्रिलचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी मारू नये, कारण तो भीत राहिला तर फीड उतरवतच राहील.